बालाघाटाचा कानोसा

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरीकाठची काळ्या मातीची गंगथडी आणि दक्षिणेला मांजरेचे खोरे असून, या दोहोंच्या मध्ये बालाघाटाचे उंच, मुरमाड पठार पसरलेले आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, बीड, केज आणि धारूर या तालुक्यांतून जाताना दिसणारा हा उघडा मुलूख पाहणाऱ्याच्या नजरेला बहुतेक वेळा रिकामाच वाटतो. पाऊस बेभरवशाचा, माती उथळ, झाडोरा म्हणजे खैर, बोर, हिवर, बाभूळ आणि सीताफळ, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उन्हाने पिवळी पडलेली कुसळी. जंगल म्हटले की जी गर्द हिरवाई डोळ्यांपुढे येते तिचा येथे मागमूस नाही. सन २००० पासून वेळोवेळी प्रसिद्ध होत आलेल्या पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहातही खुरट्या झुडपांची जमीन पडीक याच सदरात मोडते. हा निवाडा डोळ्यांनी दिलेला आहे, आणि कानांची साक्ष काढली तर तो टिकत नाही.

याचे कारण माळरानावरच्या जीवांच्या राहणीतच आहे. जेथे लपायला झाड नाही तेथे जीव रंगाने लपतो. तित्तिर, लावा, चंडोल, रातवा, ससा, खोकड आणि लांडगा या साऱ्यांची अंगकांती वाळल्या गवताशी आणि मुरमाशी इतकी मिळतीजुळती असते की दहा पावलांवर बसलेला रातवाही दिसत नाही. परंतु शत्रूपासून लपण्यासाठी धारण केलेला हा रंग जोडीदारापासूनही लपवतो, आणि म्हणून ज्याला दिसणे परवडत नाही त्याला आवाजाने सापडावे लागते. रंगाने झाकलेली वस्ती आवाजाने उघडी होते, हे माळरानाचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण असून, ज्याला बालाघाट समजून घ्यायचा आहे त्याने दुर्बिणीइतकाच कानांवर विश्वास टाकला पाहिजे.

एखाद्या ठिकाणी ठरावीक वेळी ऐकू येणाऱ्या सर्व आवाजांच्या एकत्रित रूपाला ध्वनिपरिसर म्हणता येईल. ही कल्पना कॅनडातील संगीतकार रेमंड मरे शेफर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली, आणि अमेरिकेतील ध्वनिमुद्रक बर्नी क्राउस यांनी पुढे त्या आवाजांचे तीन थर सांगितले: वारा, पाऊस, वाहते पाणी यांचा भूध्वनी, प्राणिमात्रांचा जैवध्वनी आणि माणसाने व त्याच्या यंत्रांनी केलेला मानवध्वनी. क्राउस यांचे म्हणणे असे की जुन्या, न मोडलेल्या अधिवासात प्रत्येक जीव आपला आवाज इतरांच्या आवाजाखाली दबणार नाही अशी पट्टी किंवा अशी वेळ निवडून घेतो. हे म्हणणे सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे लागू पडते की नाही याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. तरी पाटोद्याच्या घाटमाथ्यावर जून महिन्यात रात्री कानोसा घेणाऱ्याला बेडकांचा खर्ज, रातव्याची मधली पट्टी आणि रातकिड्यांची वरची किरकिर एकमेकांत न मिसळता ऐकू येते, एवढे खरे.

ऐकण्याची वेळही येथे फार महत्त्वाची ठरते. निरभ्र आकाशाखाली मुरमाड जमीन रात्रीतून झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते. ध्वनी उबदार हवेत वेगाने आणि गार हवेत सावकाश प्रवास करीत असल्यामुळे त्याच्या लहरी अशा वेळी वरून खाली वाकतात आणि आवाज जमिनीला धरून दूरवर पोहोचतो. दुपारी हीच गोष्ट उलटी होते, कारण तापलेल्या जमिनीलगतची हवा सर्वांत उष्ण असल्याने लहरी वर वळतात आणि अर्ध्या मैलावरचा मोर ओरडला तरी ऐकू येईलच असे नाही. बालाघाटावरील बहुतेक गळे झुंजुमुंजू होताना आणि दिवेलागणीला उघडतात त्यामागे उन्हाचा त्रास टाळणे हे एक कारण असले, तरी आवाज वाया न जाणे हेही तितकेच मोठे कारण मानावे लागते.

प्राण्यांच्या आवाजाकडे बारकाईने कान देण्याची परंपरा मराठवाड्याला नवी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला आणि त्यात सप्तस्वरांची सांगड सात प्राण्यांच्या आवाजांशी घातली: मोर षड्ज, चातक ऋषभ, बोकड गांधार, क्रौंच मध्यम, कोकिळ पंचम, बेडूक धैवत आणि हत्ती निषाद उच्चारतो, अशी ती परंपरागत मांडणी आहे. आजच्या मोजमापाने तपासू गेल्यास हे जुळणे कठीण आहे आणि ग्रंथाचा हेतूही मोजमापाचा नसावा; परंतु त्या काळचा विद्वान स्वराचा विचार करताना रानाकडे कान लावून होता, ही गोष्ट मोलाची आहे. देवगिरीपासून फार दूर नसलेल्या बीड जिल्ह्यात या सातांपैकी हत्ती वगळता उरलेले सहा आवाज वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत आजही ऐकता येतात, आणि क्रौंचाचा आवाज त्यांतला सर्वांत दुर्मीळ होय.

पैकी मोराचा आवाज ऐकण्यासाठी पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यासारखी जागा मराठवाड्यात दुसरी नाही. सुमारे ३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९९४ मध्ये मुख्यतः मोरांच्या संरक्षणासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. टेकड्या, ओघळी, शुष्क पानझडी झुडपे आणि भोवताली ज्वारी-बाजरीची शेते अशी येथली रचना असून, दाणे आणि किडे शेतात, आसरा झुडपांत आणि रात्रीचा निवारा उंच झाडांवर अशी मोरांची तिहेरी सोय तेथे आपोआप झालेली आहे. मोराची केका दूरवर जाते हे सर्वांनाच ठाऊक असते, तथापि ती एकाच प्रकारची नसते याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. विणीच्या हंगामातील लांबवलेली, वर चढून खाली येणारी हाक वेगळी, बिबट्या किंवा कुत्रा दिसताच दिलेला तुटक, कर्कश इशारा वेगळा, आणि संध्याकाळी झाडावर चढताना एकामागून एक सुरू होणारी हाळी वेगळी. हा इशारा माणसालाही उपयोगी पडतो. ओघळीतून चाललेला शिकारी प्राणी डोळ्यांना दिसत नसला तरी मोरांच्या ओरडण्याची जागा सरकत गेली की त्याची वाट कळते.

मोराच्या आवाजाबद्दल गेल्या काही वर्षांत झालेले संशोधन सामान्य वाचकालाही चकित करणारे आहे. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने असलेले आवाज ऐकू येतात आणि २० हर्ट्झच्या खालच्या कंपनांना अवश्राव्य ध्वनी म्हणतात. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या अँजेला फ्रीमन आणि जेम्स हेअर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की पिसारा फुलवून थरथरवणारा मोर असा अवश्राव्य ध्वनी निर्माण करतो आणि ध्वनिक्षेपकावरून तो ऐकवला असता इतर मोर व लांडोरी त्याला प्रतिसाद देतात. त्यानंतर २०१६ मध्ये रोझलिन डेकिन आणि सहकाऱ्यांनी पिसाऱ्याच्या थरथरीचा वेग सेकंदाला सुमारे २५ असल्याचे मोजले. म्हणजे शतकानुशतके केवळ डोळ्यांचे पारणे फेडणारे म्हणून वर्णिलेले मयूरनृत्य हे लांडोरीच्या दृष्टीने ऐकण्याचाही सोहळा आहे आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा एक भाग कधीच ऐकू येत नाही. डेकिन यांच्याच आणखी एका अभ्यासातून असे आढळले की मोर मीलनाच्या क्षणी जो विशिष्ट हुंकार काढतो तोच कधी कधी लांडोर जवळ नसतानाही काढतो, आणि दूरवरच्या लांडोरी तो ऐकून त्या दिशेने येतात. आवाजाचा असा फसवा उपयोग रानात विरळा नसला तरी मोराच्या बाबतीत तो मोजून दाखवला गेला हे विशेष.

रोहिणी नक्षत्र सरत आले की बालाघाटावरचा ध्वनिपरिसर काही दिवसांतच पालटतो. उन्हाळाभर पहाटेपासून आर्ततेने चढत जाणारी पावशाची ‘पेरते व्हा’ ही हाक मृगाच्या तोंडावर शिगेला पोहोचते. आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर अरबी समुद्र ओलांडून येणारा चातक याच सुमारास दाखल होतो. आणि पहिला जोराचा पाऊस पडला की त्याच रात्री, महिनोन्‌महिने जमिनीखाली निपचित राहिलेले बेडूक साचलेल्या डबक्यांत जमून ओरडू लागतात. त्यांतल्या मोठ्या बेडकाचे नर या दिवसांत पिवळेजर्द होतात आणि त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंचे निळसर स्वरकोश फुगून आवाज कित्येक पटींनी वाढवतात. डबकी आठवडाभर टिकतील याची शाश्वती नसल्याने सारा विणीचा व्यवहार दोनचार रात्रींत उरकावा लागतो, म्हणून या आवाजात इतकी घाई आणि इतका जोर असतो. त्याच आठवड्यांत गवत उगवू लागताच लाव्याची ओली, तुटक शीळ बांधाबांधावरून येऊ लागते. डोंबारी चंडोल मात्र उन्हाळ्यापासूनच गात असतो. बसायला उंच फांदी नसल्याने तो पंख फडफडवत आकाशात चढतो आणि पंख मिटून शीळ घालीत दगडासारखा खाली सुटतो, व जमिनीच्या थोडे वर सावरून पुन्हा चढतो. झाडांच्या अभावातून जन्मलेले असे हवेतले गाणे हीच खऱ्या माळरानाची ओळख असून, ते जेथे ऐकू येते तेथील जमिनीला पडीक म्हणणे अन्यायाचे ठरते.

उत्तरेकडच्या रानांचा आवाज बीडला पोहोचतो तो मात्र हिवाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास, जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर कोयते आणि संसार बैलगाड्यांत, ट्रॅक्टरांत भरून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात; नेमक्या त्याच दिवसांत सैबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया आणि पूर्व युरोप येथील पक्षी या मुलखात उतरतात. माणसांचे जाणे आणि पाखरांचे येणे या दोन्हींच्या मुळाशी अन्नाचीच वाण आहे. बिंदुसरेच्या, सिंदफणेवरील माजलगावच्या आणि मांजरेवरील धनेगावच्या जलाशयांवर तिबेट-लडाखच्या उंचीवरून आलेल्या चक्रवाकांची नाकातली हाक रात्रीही चालू असते. जुन्या काव्यांनी ती विरहाची मानली, जीवशास्त्राच्या दृष्टीने ती अंधारात जोडीदाराशी आणि थव्याशी संपर्क राखण्यासाठी असते. गोदावरीवरच्या नाथसागराकडे ये-जा करणारे करकोचे कधीमधी गंगथडीवरून जातात, आणि ते इतक्या उंचावर असतात की आधी त्यांचा तुतारीसारखा नाद ऐकू येतो आणि मग नजर त्यांना शोधते. क्रौंचकुळातील पक्ष्यांची लांब श्वासनलिका छातीच्या हाडापर्यंत शिरलेली असल्यामुळे त्यांच्या आवाजाला ही खोली आणि हा पल्ला लाभतो.

परंतु उत्तरेच्या पाहुण्यांचा विचार करताना साद आणि गीत यांतला भेद समजून घेणे आवश्यक आहे. साद म्हणजे इशारा, संपर्क किंवा धोक्याची सूचना देणारा, बहुधा आखूड आणि वर्षभर चालणारा आवाज. गीत म्हणजे विणीच्या काळात हद्द सांगण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी, बहुतेक जातींत नराने गायलेली लांब व गुंतागुंतीची रचना. हे पक्षी वीण करतात उत्तरेत, त्यामुळे त्यांची गीतेही तिकडेच राहतात आणि बीडच्या वाट्याला येते ती साद. फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या उन्हाळी रात्रींत इतर पक्ष्यांच्या नकला गुंफून तासन्‌तास गाणारा बोरू वटवट्या बालाघाटाच्या ओघळीतल्या झुडपात हिवाळाभर नुसते ‘चक्… चक्’ करीत राहतो. ज्वारीच्या ताटावर बसणारा गप्पीदास दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा टकटक आवाज काढतो. धोबी उडता उडता दोन अक्षरी चिवचिव सोडून जातो. हे आवाज क्षुल्लक वाटतात, तरी पक्षी ओळखण्याची गुरुकिल्ली त्यांतच असते, कारण वटवट्यांच्या अनेक जाती दिसायला जवळजवळ सारख्या असून जाणकार त्यांना सादेवरूनच वेगळे करतात. फाल्गुन-चैत्रात, परतीच्या प्रवासाआधी, यांतले काही नर झुडपाच्या आत बसून दबक्या आवाजात गीताची जुळवाजुळव सुरू करतात. उत्तरेतल्या वसंताचा तो सराव मराठवाड्याच्या उन्हात ऐकायला मिळणे हे या मुलखाचे भाग्यच म्हणायचे.

याला मोठा अपवाद भोरड्यांचा. मध्य आशियातून आणि त्याच्याही पश्चिमेकडून पावसाळ्यातच येऊ लागणारे हे गुलाबी-काळे पक्षी शाळू भरात आला की थव्याथव्यांनी शेतावर उतरतात आणि संध्याकाळी बाभळीच्या बनात किंवा उसात रात्रनिवाऱ्याला जमतात, तेव्हा त्यांचा कलकलाट साद आणि गीत यांच्या सीमारेषा पुसून टाकतो. शेतकऱ्याला हा आवाज नकोसा, आणि त्याचे उत्तर म्हणजे मचाणावरून फिरणारी गोफण, तिच्या दोरीचा फटकारा आणि राखणदाराची लांबवलेली आरोळी. हुरड्याच्या दिवसांतला हा राखणीचा आवाज मानवध्वनी असूनही रानाच्या आवाजात इतका मुरलेला आहे की बालाघाटाच्या ध्वनिपरिसराची कोणतीही नोंद त्याच्यावाचून अपुरीच राहील. ज्वारीचा पेरा कमी होऊन सोयाबीन आणि कापूस वाढत गेले तशी ही राखणही विरळ होत चालली आहे.

माळरानावरील रात्रीचा सर्वांत दूरगामी आवाज लांडग्याचा. भारतीय लांडगा हा युरोप आणि उत्तर अमेरिकेतील लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेतला असून, तो दाट जंगलात न राहता धनगरांच्या कळपांच्या आसपास, उघड्या माळावर राहतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातील लांडग्यांच्या आवाजांचा अभ्यास करून २०१९ मध्ये ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत त्यांचे चार मुख्य प्रकार मांडले आणि लांबवलेल्या ओरडीची मूळ कंपनसंख्या सरासरी ४२२ हर्ट्झच्या आसपास असल्याचे नोंदवले. त्याच अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात असेही दिसले की ध्वनिलेखावरून, म्हणजे आवाजाची पट्टी आणि काळ कागदावर चित्ररूपाने उमटवणाऱ्या आलेखावरून, एक लांडगा दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. ज्या प्राण्याला पकडून पट्टा बांधणे अवघड आणि दिवसा पाहणेही दुरापास्त, त्याची गणती आवाजावरून करता येण्याची ही शक्यता बीडसारख्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे, कारण येथे लांडगा राहतो तो मुख्यतः गायरानांत आणि पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनींत, जेथे वनखात्याची गस्त नसते.

काही आवाज या मुलखातून जवळजवळ उठून गेले आहेत. बीडजवळच्या अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या माळांवर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून नर जो खोल घुमणारा हुंकार देतो त्यावरून या पक्ष्याला हूम असेही नाव पडले. आज महाराष्ट्रात माळढोक नावापुरताच उरला आहे. एखादी जात नाहीशी होते तेव्हा तिचे चित्र पुस्तकात राहते, परंतु ज्या पहाटेत तिचा हुंकार होता ती पहाट पुन्हा कोणालाही ऐकता येत नाही, आणि पुढच्या पिढीला ती अपुरी आहे हे कळतही नाही.

त्याच वेळी नवे आवाज वाढत आहेत. पठाराच्या कडांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या असून त्यांच्या पात्यांची मंद, सलग घरघर वारा असेल तेव्हा रात्रंदिवस चालते. बोअर घेणाऱ्या यंत्रांचा धडधडाट दुष्काळी उन्हाळ्यात गावोगाव फिरतो. धुळे–सोलापूर महामार्ग जिल्ह्याच्या मधून जातो. आणि २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. दुष्काळी जिल्ह्याला पाणी, वीज आणि रेल्वे यांची किती निकड आहे हे सांगायला नको, त्यामुळे प्रश्न यंत्रे हवीत की नकोत असा नाही, ती कोठे आणि कोणत्या वेळी चालावीत असा आहे. नेदरलँडमधील लायडन शहरात झालेल्या २००३ च्या अभ्यासात असे आढळले की गोंगाटाच्या भागातील रामगंगा-कुळातले पक्षी वाहनांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजावर मात करण्यासाठी अधिक वरच्या पट्टीत गातात. ज्यांना पट्टी बदलता येते ते निभावतात. ज्यांचा आवाजच खर्जाचा आहे, जसे घुबड किंवा हुंकार देणारा मोर, त्यांना तो मार्ग सहज मिळेल असे नाही.

या साऱ्याची नोंद ठेवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. जगातील पक्ष्याच्या आवाजाचे सर्वांत जुने ज्ञात मुद्रण १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या लहान मुलाने मेणाच्या नळीवर केले, आणि तो पक्षी होता भारतातून नेलेला, पिंजऱ्यातला शामा. आज तेच काम साध्या मोबाइलने होते आणि नेदरलँडमध्ये २००५ साली सुरू झालेल्या झेनो-कँटोसारख्या मुक्त ध्वनिसंग्रहात कोणालाही आपले मुद्रण देता येते. अशा मुद्रणाला मोल येते ते सोबतच्या नोंदीमुळे: गाव, तारीख, वेळ, हवामान आणि आवाज आला ती दिशा व जागा. नायगावला जाणाऱ्याने सूर्योदयाच्या तासभर आधी, वनखात्याच्या परवानगीने, एखाद्या ओघळीच्या वरच्या अंगाला बसावे आणि पहिला आवाज कोणाचा, दुसरा कोणाचा, त्यांत किती अंतर, एवढेच टिपून घ्यावे; तीच जागा आषाढात, मार्गशीर्षात आणि वैशाखात पुन्हा गाठली की वर्षाचा आराखडा हाती येतो. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच मुद्रित आवाज वाजवण्याची सवय मात्र टाळली पाहिजे, कारण नराला तो हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी वाटतो आणि अंडी-पिल्ले सोडून तो त्याच्या शोधात शक्ती खर्च करतो; मोर, लावा आणि तित्तिर यांच्या बाबतीत हे पथ्य पावसाळ्याच्या चारही महिन्यांत पाळावे, आणि डोंबारी चंडोलाच्या बाबतीत उन्हाळा लागल्यापासूनच.